नॉरिस फॉदरगिलचे पंधराशे मैल

थॉर्नबेक गावात नॉरिस फॉदरगिलला ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही, आणि नॉरिस ज्याला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नाही. यॉर्कशरच्या त्या डोंगरदऱ्यांतून एकोणचाळीस वर्षं त्यानं फिरत्या ग्रंथालयाची व्हॅन चालवली. पुस्तकं वाचायचं काम लोकांचं, पोचवायचं याचं. एका हिवाळ्यात व्हॅन बर्फात अडकली आणि नॉरिसला दोन दिवस एका शेतकऱ्याच्या घरी मुक्काम करावा लागला. तेवढ्यात त्या घरच्या बाईनं व्हॅनमधल्या तीन रहस्यकथा वाचून काढल्या आणि जेवताना तिन्हींचे खुनी कोण ते सांगूनही टाकलं. पुढं वर्षभर नॉरिस ती पुस्तकं लोकांना देताना असा काही मिश्कील हसायचा, की घेणाऱ्याला पहिल्या पानापासून संशय यायचा.

त्याची खरी ख्याती होती ती अंतरांची. कुणाच्या फाटकापासून कुणाच्या गोठ्यापर्यंत किती मैल, हे त्याला तोंडपाठ. रोजच्या फेरीची नोंद तो मीटरकडे न बघताच लिहायचा. एकदा वरच्या कचेरीतून एक साहेब तपासायला आला, दिवसभर शेजारी बसून राहिला, आणि संध्याकाळी निघालं काय, तर नॉरिसचा आकडा बरोबर आणि व्हॅनचं मीटर चुकीचं. त्या दिवसापासून नॉरिसनं मीटर नावाच्या वस्तूला मनातून रजा दिली. हीच सवय पुढं त्याच्या अंगाशी आली.

निवृत्त झाल्यावर त्याच्या वाट्याला सासऱ्यांची गाडी आली. सासऱ्यांची म्हणजे कागदोपत्री म्युरिएलची. म्युरिएल नॉरिसची बायको, शाळेत लहान मुलांना गणित शिकवून शिकवून निवृत्त झालेली. गाडी एकोणीसशे सहासष्ट सालची मॉरिस मायनर, मागचा अर्धा भाग लाकडी चौकटीचा. दर वसंतात लोक बागेतल्या बाकाला पॉलिश करतात, नॉरिस गाडीला करायचा. ओल्या वर्षी खिडकीच्या खाचेत शेवाळं धरायचं. एकदा तर तिथं छोटंसं फर्नचं रोप उगवलं होतं आणि ते उपटायचं की नाही यावर नवरा-बायकोत आठवडाभर चर्चा झाली.

अशा हौशी गाडीचा विमा स्वस्तात उतरतो, पण अटी असतात. रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी हवी. हिच्यावर भाडं कमवायचं नाही. आणि वर्षाला ठरल्यापेक्षा जास्त मैल पळवायचं नाही. म्युरिएलनं उतरवलेल्या विम्यात ते होते पंधराशे. आयुष्यभर रोज ऐंशी मैल हाकलेल्या माणसाला दिवसाकाठी जेमतेम चार. म्हणून नॉरिसनं एक वही घातली आणि रेशनच्या साखरेसारखे तो मैल मोजून खर्च करू लागला. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन, एकतीस. म्युरिएलला समुद्र दाखवणे, एकशे आठ. सगळं अर्थातच मीटर न बघता.

मार्चमध्ये शेजारच्या खोऱ्यातल्या डिन्सडेलांची ब्रायोनी त्याच्या दारात आली. ती जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तिचं लग्न होतं, आणि नवरी म्हणून तिला नॉरिसच्या गाडीतून चर्चला जायचं होतं. नॉरिसला इतका आनंद झाला की तो तिला दोनदा चहा विचारून दोन्ही वेळा करायला विसरला. भाडं नाही, बक्षीस नाही, बाटलीसुद्धा नाही, नाहीतर विमा फसतो, एवढं मात्र त्यानं बजावून सांगितलं. मग वहीत हिशेब मांडला. घरून डिन्सडेलांकडे सात, तिथून चर्च सहा, चर्चपासून जेवणाचा हॉल नऊ, हॉलपासून घर बारा. चौतीस मैल. तेवढे राखून ठेवायचे.

राहिलेही असते. पण मे महिन्यात डॉक्टरनं नॉरिसचं रक्त तपासलं, आणि म्युरिएलनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सकाळी ओट्स, दुपारी वाफवलेला मासा, रात्री उकडलेलं बीट. तीन आठवड्यांत नॉरिसच्या स्वप्नात लोणी येऊ लागलं.

आता गुरुवारी म्युरिएल बायकांबरोबर पोहायला जायची, घरची रोजची गाडी घेऊन. आणि गुरुवारी अकरा वाजता अकरा मैलांवरच्या स्केलगिलमध्ये बेकरच्या भट्टीतून सॉसेजचे रोल निघायचे. बाहेरून पापुद्रा सुटलेला, आत मसाल्याचं गरम मटण, कागदावर चरबीचे डाग. मागं उरायची ती मॉरिस. जुनी गाडी फार दिवस उभी ठेवली की तिचे ब्रेक आवळतात, हे तर कोणताही मेकॅनिक सांगेल. नॉरिसनं वहीत लिहिलं, 'ब्रेक मोकळे करणे, बावीस मैल.' पुढच्या गुरुवारी पुन्हा लिहिलं.

जूनच्या अखेरीला गवताच्या एका ट्रकनं स्केलगिलच्या वाटेवरचा दगडी पूल ठोकला आणि तो रस्ता बंद झाला. वळसा घालून जायला जाताना तीन मैल जास्त, येताना तीन. नॉरिस वळसा घालायचा, रोल खायचा, सीटवरचे पापुद्रे ब्रशनं झाडायचा, आणि घरी येऊन वहीत लिहायचा, बावीस. हाताला बावीसची सवय झालेली.

लग्नाच्या आठवड्यात मंगळवारी विमा कंपनीचं पत्र आलं. पॉलिसीचं नवं वर्ष पुढच्या मंगळवारी सुरू होतंय, तरी मीटरचा सध्याचा आकडा कळवावा. म्युरिएल बागेत होती. नॉरिस पेन घेऊन गॅरेजमध्ये गेला. वहीप्रमाणे साठ मैल शिल्लक होते, चौतीस लग्नाचे वजा केले तरी सव्वीस उरत होते. त्यानं काचेवरची धूळ पुसली, आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मीटरच्या हिशेबानं शिल्लक होते फक्त बारा.

आठ गुरुवार, दर गुरुवारी सहा मैल. अठ्ठेचाळीस मैल कुठं गेले ते त्याला उभ्या उभ्या कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मीटर बरोबर होतं आणि नॉरिस चूक.

तो तडक क्लिफर्ड अम्पलबीकडे गेला. क्लिफर्ड निवृत्त प्लंबर, त्याचा जुना दोस्त आणि त्याहून जुना वैरी. त्याच्याकडे आकाशी रंगाची ट्रायम्फ होती. ती तो प्रत्येक प्रदर्शनाला ट्रेलरवर चढवून न्यायचा, म्हणून बारा वर्षांत तिचं चाक रस्त्याला फारसं लागलंच नव्हतं. नॉरिस तिला पाळण्यातली गाडी म्हणायचा, चारचौघांत.

"किती राहिलेत?" क्लिफर्डनं विचारलं.

"बारा."

"लागतात किती?"

"चौतीस."

क्लिफर्डनं कपातला चहा फिरवला. इतक्या वर्षांच्या टोमण्यांनंतर हा क्षण त्याला घाईनं संपवायचा नव्हता. "मीटरच्या मागं एक केबल असते," तो म्हणाला. "हातानं सुटते. पाना लागत नाही."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काही नाही. कुठं गाडी घासली, कुणी आडवं आलं, तर विमा नाही. आणि मागं बसलेली कोण, तर डिन्सडेलांची पोर, पांढऱ्या कपड्यांत. ते जाऊ दे. मला नुसतं बसवणारही नाही तिथं. समोर तो मेलेला काटा बघत."

"नाही बसवणार," क्लिफर्डनं मान्य केलं. मनातून त्यालाही बरंच वाटलं. "मग ट्रेलर घे माझा."

नॉरिसनं आपल्या कपात बघितलं.

"हो म्हणायची गरज नाही. नुसती मान हलव."

नॉरिसनं मान हलवली. दोघांनी शेडच्या भिंतीवर खडूनं हिशेब मांडला. घरून डिन्सडेलांकडे ट्रेलरवर, हॉलवरून घरी ट्रेलरवर. उरले चर्चचे सहा आणि हॉलचे नऊ. पंधरा.

"तीन मैल कमीच पडतात," नॉरिस म्हणाला.

"तीन मैल नवरीला चालू दे. शेतकऱ्याची पोर आहे."

"क्लिफर्ड."

"नाहीतर तिलाच ट्रेलरवर चढवू. वरून हात हलवत जाईल राणीसारखी." मग क्लिफर्डला नॉरिसचा चेहरा दिसला आणि त्यानं खडू खाली ठेवला. "अरे बाबा, कंपनीला फोन कर. मैल वाढवून देतात. माझ्या मेहुण्यानं दोनदा वाढवलेत."

"पॉलिसी म्युरिएलच्या नावावर आहे. तिनंच करायला हवा."

"मग तिला सांग."

"सांगू काय? मैल गेले कुठं म्हणून विचारेल. ती गणिताची बाई आहे, क्लिफर्ड. वही मागेल."

क्लिफर्डच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेली. त्यानं नॉरिसचा कप भरला आणि त्यात दोन चमचे साखर टाकली.

बुधवारी नॉरिसनं ठरवलं की ब्रायोनीलाच सांगून टाकायचं. रोजची गाडी घेऊन तो निघाला, वाटेत दोन मैल त्यानं बोलायची तालीम केली. 'पोरी, गाडी जुनी आहे.' खोटं. 'पोरी, विम्याची अडचण आहे.' खरं, पण अर्धं. डिन्सडेलांच्या अंगणात पोचला तर ब्रायोनी पायात रबरी बूट आणि हातात पांढऱ्या रिबिनीचं बंडल घेऊन उभी.

"मिस्टर फॉदरगिल, बरं झालं आलात. बॉनेटला किती रिबीन लागेल? मी चार मीटर आणली. कमी पडली तर आमची म्हातारी गाय सजवेन."

"पुरेल," नॉरिस म्हणाला. "पण मी म्हणत होतो की..."

"होणाऱ्या नवऱ्याच्या आईनं काळी लांबलचक गाडी सांगितली होती, आत फ्रिज असलेली. मी नको म्हणाले. मोठं भांडण झालं. म्हटलं, मला नेणारे ठरलेत." तिनं अंगणाच्या फाटकाकडे बोट केलं. "तुमची व्हॅन दिसावी म्हणून मी त्या फाटकावर चढून बसायचे. एकदा तुम्ही घोड्यांचं पुस्तक आणलंत आणि वर म्हणालात, यातली शेवटची दहा पानं रडवतात, आईजवळ बसून वाच. बसले होते. दोघी रडलो." मग तिला आठवलं. "तुम्ही काही सांगत होतात?"

नॉरिसनं टोपी काढली, परत घातली. "वेळ विचारायला आलो होतो. अकराला यायचं ना?"

"अकराला?" ब्रायोनी हसली. "अकराला नवरा झोपलेला असेल. एक वाजता."

घरी परतताना नॉरिसला कळून चुकलं की आता दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर त्या पोरीला सासूच्या फ्रिजवाल्या गाडीत बसवायचं, नाहीतर म्युरिएलसमोर वही ठेवायची. पहिलीपेक्षा दुसरी अवघड होती, म्हणून तीच खरी असणार.

म्युरिएल स्वयंपाकघराच्या टेबलाशी शेंगा सोलत होती. नॉरिसनं तिच्यासमोर वही ठेवली आणि विम्याचं पत्र ठेवलं. म्युरिएलनं हात पुसले, चष्मा लावला आणि शेवटची पानं वाचली. सावकाश, मुलांच्या वह्या वाचायची तशी.

"ब्रेक मोकळे करणे, बावीस," ती म्हणाली. "ब्रेक मोकळे करणे, बावीस. गुरुवार. गुरुवार. गुरुवार." तिनं चष्म्यावरून पाहिलं. "आठवड्यात सात वार असतात, नॉरिस. आपल्या ब्रेकना एकच कसा माहीत?"

"स्केलगिलला जात होतो."

"काय आहे स्केलगिलला?"

"बेकर आहे. सॉसेजचे रोल."

"किती?"

"एक."

म्युरिएल थांबून राहिली. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलाला ती असाच वेळ द्यायची.

"दोन," नॉरिस म्हणाला. "पण दुसरा लहान असतो."

"किती लहान?"

"पहिल्याएवढा."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर जाऊन आवाज विरला. मग म्युरिएल उठली. "तीन महिने मी तुझ्याबरोबर बीट खाल्लं," ती म्हणाली. "एकट्यानं खायला तुला वाईट वाटेल म्हणून. मला बीट आवडत नाही, नॉरिस. मला कधीच आवडलेलं नाही. लहानपणी मी ते आईच्या नकळत कुंडीत पुरायची."

एवढं बोलून ती बागेत गेली. दीड तास खुरपण्याचा आवाज येत राहिला, आणि त्या दीड तासात नॉरिसनं उरलेल्या शेंगा सोलल्या, भांडी घासली, घासलेली भांडी परत घासली. तिला फसवलं याचं ओझं त्याला मैलांपेक्षा जड वाटत होतं. ती आत आली तेव्हा त्यानं लग्नाचं सगळं सांगितलं, पूल सांगितला, बारा मैल सांगितले. म्युरिएलनं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "दर खेपेला सहा जास्त होत होते आणि तू बावीस लिहीत राहिलास?"

"हो."

"ते रोलपेक्षा वाईट आहे," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता तिनं फोन लावला. नॉरिसला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि फोनचा आवाज मोठा केला, त्याला प्रत्येक शब्द ऐकू यावा म्हणून. पलीकडे वेल्सच्या हेलात बोलणारी एक तरुण मुलगी होती. पॉलिसीचा नंबर झाला, मीटरचा आकडा झाला.

"कमीत कमी पाचशे मैल वाढवता येतात, मॅडम, अठरा पौंडांत. वर्ष संपायला चारच दिवस उरलेत, तरी पाचशेच. चालेल?"

"चालेल. अठरा पौंड ना? ते मिस्टर फॉदरगिलच्या खिशातून."

"आणि वाढीव मैल कशासाठी लागले?"

म्युरिएलनं नॉरिसकडे रोखून पाहिलं. "सॉसेजच्या रोलसाठी."

पलीकडची मुलगी यादी चाळू लागली. "माझ्या यादीत ते नाहीये, मॅडम. प्रदर्शन आहे, नातेवाईक आहेत, सहल आहे, इतर आहे."

"इतर."

"इतरमध्ये थोडक्यात लिहावं लागतं."

"मग लिही, बाळ. सॉसेजचे रोल."

बटणं दाबल्याचा आवाज आला. "झालं. आजपासून लागू." मग आवाज जरा खाली उतरला. "गरम असतात का?"

"अकराला भट्टीतून निघतात," नॉरिस खुर्चीतूनच म्हणाला. म्युरिएलनं फोन ठेवला.

चार मिनिटं लागली होती. नॉरिसनं घड्याळ पाहिलं होतं. दोन दिवस त्याला धड झोप नव्हती, क्लिफर्डपुढं मान हलवून झाली होती, आणि काम होतं चार मिनिटांचं. पण ही चार मिनिटं मागून घ्यायला आधी खरं बोलायला लागत होतं, ही गोष्ट कुठल्याही कंपनीच्या यादीत नसते.

म्युरिएलनं तिच्या अटी तिथंच सांगितल्या. महिन्यातून एक गुरुवार. दोघांनी जायचं, पोहण्याला सुट्टी. रोल एक, तुकडे दोन. आणि वहीत आकडा मीटर बघून लिहायचा. बीटचं ती काही बोलली नाही, पण त्या रात्री ताटात बीट नव्हतं, गाजर होतं, आणि गाजराला लोण्याचा पुसटसा हात लागलेला होता.

शनिवारी ऊन पडलं. मॉरिसच्या बॉनेटवर रिबीन लागली, लाकडी चौकट मधासारखी चमकली, आणि ठरल्या वेळी ब्रायोनी बापाचा हात धरून मागच्या सीटवर बसली. म्हातारा डिन्सडेल वाटेत एकदाच बोलला. "चाललेली बरी वाटते गाडी," तो म्हणाला, आणि डिन्सडेलच्या तोंडून हे म्हणजे भाषणच झालं. चर्चच्या दारात क्लिफर्ड उभा होता. आपला रिकामा ट्रेलर त्यानं मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवला होता. "लागला तर असू दे," त्यानं नॉरिसला हळूच सांगितलं. "पाळणा आहे, कुणीही झोपावं."

लग्न लागलं. नवरा-नवरी गाडीत बसली. हॉलचा रस्ता नऊ मैलांचा, नदीकाठानं. वळणापाशी ब्रायोनी पुढं झुकली.

"मिस्टर फॉदरगिल, वरून जाता येईल का? माळावरून? हेदरची फुलं आलीत. फोटो काढायला लोक बसलेतच तिकडं हॉलवर, बसू देत थोडे आणखी."

माळावरून सतरा मैल. सवयीनं नॉरिसचे ओठ बेरजेला हलले, आणि मग त्यानं नुसतंच चाक डावीकडे वळवलं. वरती सगळा माळ जांभळा झालेला होता. एका ठिकाणी वीस-पंचवीस मेंढ्या रस्ता अडवून बसल्या, तेव्हा शेपटीवाला कोट घातलेला नवरा खाली उतरला आणि त्यांना हाकलू लागला. मेंढ्या हलेनात. मग नवरी उतरली, झगा कमरेपर्यंत गोळा करून दोन शिट्ट्या मारल्या, आणि कळप मुकाट्यानं बाजूला झाला. नवऱ्यानं त्या दिवसापासून घरात कुणाचं चालतं याबद्दल फारसा वाद घातला नाही, असं म्हणतात.

हॉलवर पोचायला पाऊण तास उशीर झाला. नवऱ्याची आई दारात घड्याळ बघत उभी होती, तिच्यामागं सूप निवत होतं. जोडपं आत गेलं. म्युरिएल गाडीपाशी आली, खिडकीतून डोकं घालून मीटर वाचलं आणि पर्समधून वही काढून आकडा लिहिला.

"चारशे ब्याऐंशी उरलेत," ती म्हणाली.

"भरपूर झाले."

"मंगळवारी नवं वर्ष. तोवर वापरले नाहीत तर संपले. अठरा पौंड दिलेत आपण." म्युरिएल यॉर्कशरची होती, पैसे देऊन घेतलेली वस्तू तिनं आजवर वाया जाऊ दिली नव्हती. तिनं गाडीला वळसा घातला, पुढचं दार उघडलं आणि आत बसून टोपी मांडीवर घेतली. "त्यांची भाषणं संपायला तासभर लागेल. मला माळ दाखव."

नॉरिसनं गाडी वळवली. फाटकातून बाहेर पडताना क्लिफर्डनं हात करून विचारलं, कुठं निघालात म्हणून. म्युरिएलनं काच खाली केली.

"ब्रेक मोकळे करायला," ती म्हणाली.